कांद्याचा पापुद्रा

हसू नका, पण मी एवढे कांदे चिरले तरी कांदा आतून कसा दिसतो ते मला अजून माहीत न्हाई. नववीत होते तेव्हा आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आल्ता. विज्ञानाचे सर म्हणले, "पोरींनो, उद्या घरून कांदे आणा." आम्ही आणले. पातळ पापुद्रा सोलायचं कामही आमच्याकडंच. माझा इतका बराबर निघाला की सरांनी तोच काचपट्टीवर ठेवला. मंग पोरांची लाइन लागली. आम्ही पोरी मागं उभ्या. पाहून आलेल्या एकाला विचारलं, "काय दिसलं रे?" तर म्हणतो, "विटांची भिंत."

आमचा नंबर आला तर सर सूक्ष्मदर्शक पेटीत भरून राह्यले. मी म्हणलं, "सर, आमचं राह्यलं."

सर म्हणले, "तुम्हाला कांदा काय नवा हाय का? जिंदगीभर तोच पाहायचाय." सगळा वर्ग हसला.

परीक्षेत नेमकी तीच आकृती आली. मी पुस्तकातली पाठ केल्ती, तशीच काढली. सरांनी माझा पेपर वर्गात फिरवला आणि म्हणले, "पाहा पोरांनो, नीट पाहिलं की असं काढता येतं."

आता सासरी वाटूरला स्वयंपाक करताना एखादा पापुद्रा खिडकीच्या उजेडात धरतेच. परवा आमचे हे म्हणले, "काय पाहून राह्यली? फोडणी जळाली."

म्हणलं, "थांबा जरा. माझा नंबर हाय."