लाल दोरा

— तयार आहे हो तुमचा कोट, तयार नाही असं कोण म्हणतंय? तो बघा, दांडीवर तिसरा. पण आत्ता देणार नाही. कॉलरवर एक हात फिरवायचा राहिलाय. बसा. तो गठ्ठा सरकवा आणि बाकावर बसा. इस्त्री तापेपर्यंत एक सांगा मला — तुम्ही पलीकडच्या इस्पितळात, त्या तळघरातल्या प्रयोगशाळेत ना? काचेच्या पट्टीवर माणसाचा तुकडा ठेवून बघता? मग माझाही बघितला असेल. मागच्या महिन्यात आला असणार. म्हातारा, मानेत गाठ, जिभेच्या बुडाचा कण. नाही आठवत? कसा आठवेल, तुमच्या बाहीवर पिवळा डाग होता तो कशाचा हे तरी कुठे आठवतंय तुम्हाला. गेला तो. तीनदा घासला तेव्हा गेला.

वर फडताळात काय बघताय? ते होय. ते बेवारशी. खूण नसलेले कपडे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कापडाला आतून दोऱ्याची खूण असते — इस्पितळाची निळी, हॉटेलची हिरवी, घरच्या गिऱ्हाइकाची ज्याची त्याची. खुणा घालायचं काम आमच्या मंडळींचं. तिची सुई अशी चालायची की शर्ट घालणाऱ्याला जन्मात कळू नये. पण कधी दोरा निघतो, कापड घोळात सापडतं, कुणाचं ते कळत नाही. मी म्हणायचो, फेक. ती म्हणायची, खूण नाही यात कापडाचा काय दोष? मळलंय ना? मग धुवा. दर वर्षी सगळं फडताळ उतरवून धुवायला लावायची मला. बिनपैशाची धुलाई. ती गेली तरी धुतो. सवय.

हां, तर कॅन्सर. कॅन्सर म्हणाले तेव्हा मला काही झालं नाही. सत्तरी उलटली, काहीतरी निघणारच. दाढी करताना गाठ हाताला लागली, ओव्हरकोटाच्या बटणाएवढी, दुखत नाही खुपत नाही. मी घशाच्या डॉक्टरांना विचारलं, विडी नाही, तंबाखू नाही, बाटलीला शिवलो नाही, मग हे आलं कुठून? तर म्हणाले, आजोबा, हा व्हायरसचा आहे, शरीरसंबंधातून येतो. आणि चिरंजीव शेजारी बसलेले असताना मला विचारलं — जाऊ द्या काय विचारलं ते. तुम्हाला ठाऊक असेल, तुमच्यात तसं विचारतात. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीला पडदा लावलेला होता. पडद्याकडे बघत बसला शहाणा.

आणि वर मला समजावतात, मनाला लावून घेऊ नका, बहुतेक सगळ्यांना होऊन जातो, अंग आपलं आपण घालवून टाकतं, सर्दीसारखं समजा. सर्दी! सर्दीला कुणी पोरासमोर बापाला असलं विचारत नाही. म्हटलं, डॉक्टर, गोड बोलू नका, तो काय करतो ते सांगा. मला माझ्या अंगात काय चाललंय ते समजलं पाहिजे. सांगितलं त्यांनी. सांगितलं ते बरं केलं की वाईट, कोण जाणे, तेव्हापासून थुंकी गिळवत नाही. स्वतःचीच.

म्हणजे बघा — चूक असेल तर टोका — हा व्हायरस म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ना हात ना तोंड. खात नाही. स्वतःची पिल्लंही त्याला स्वतः काढता येत नाहीत. कातडीला बारीकशी चीर पडली की तिच्यातून खालच्या थरात उतरतो आणि एखाद्या पेशीत जाऊन बसतो. बसतो आणि पेशीच्या यंत्रावर स्वतःच्या नकला काढून घेतो. इथवर मी ऐकून घेतलं. चोर आहे, चोरी करणार. पण पेशीत म्हणे राखणदार असतात. प्रोटीन म्हणतात त्यांना. एक असतो तो पेशीला वाढू देत नाही, थांब म्हटलं की थांब. त्याला हा मिठी मारून धरून ठेवतो. आणि दुसरा असतो तो तपासनीस. पेशी बिघडली की तो सांगतो, दुरुस्त हो, नाहीतर मर. चांगला माणूस. असा माणूस प्रत्येक कारखान्यात लागतो आणि कुणाला आवडत नाही. त्याचं हा काय करतो? मारत नाही हो. मारायचीही ताकद नाही भिकाऱ्यात. पेशीचाच एक नोकर पकडतो आणि त्याच्या हातून तपासनिसावर खूण लावतो — हा रद्दी. मग पेशीचीच सफाईवाली मंडळी येतात आणि आपल्याच चांगल्या माणसाचे तुकडे करून टाकतात. बघतही नाहीत कोण आहे. खूण दिसली, फाडला.

मला लगेच समजलं. न समजायला काय झालं. आमच्याकडे इस्पितळाच्या जुन्या चादरी बाद झाल्या की कोपऱ्याला लाल दोरा मारतात. मागच्या खोलीत चिंध्यावाल्या मावशी बसतात, त्या लाल दोरा दिसला की फाडतात, फरशीची फडकी करतात. एकदा काय झालं — एका बाईने मुलीच्या लग्नाची चादर दिली होती, पांढरी, कडेला भरतकाम. भट्टीत ओल्या गठ्ठ्यात कुठल्यातरी रद्दीचा लाल दोरा सुटला आणि तिच्या कोपऱ्याला चिकटला. एवढासा. वाळल्यावर घट्ट बसला. मावशींनी चादर फाडली. सरळ, सुबक, वीतभर रुंदीच्या पट्ट्या. भरतकामासकट. मी ओरडलो तर म्हणाल्या, दादा, लाल होता. त्यांची चूक नव्हती. हाताला शिकवलंय तेच हाताने केलं. त्या बाईसमोर पट्ट्या घेऊन उभा राहिलो त्या दिवशी, आयुष्यात तेवढी मान कधी खाली गेली नव्हती. तेच. रोज माझ्या घशात तेच चाललंय. पेशी बिचारी रोज नवा तपासनीस उभा करते, आणि रोज त्याला लाल दोरा. रोज. थू.

आणि किळसवाणी गोष्ट तर पुढेच आहे. यातून त्याला मिळतं काय? काही नाही! मी विचारलं डॉक्टरांना, कॅन्सर करून त्याचा फायदा काय? म्हणाले, काहीच नाही, उलट कॅन्सर झालेल्या पेशीत त्याच्या नकला निघणंही बंद होतं. ती पेशी मरायचं विसरलेली असते, नुसती वाढत सुटते, एवढंच. म्हणजे घर लुटणारा परवडला, तो भांडी तरी घेऊन जातो. हा राखणदार फाडतो, घर पेटवतो आणि स्वतः आतच मरून पडतो. आणि कधी शिरला? कुणाला पत्ता नाही. तीस वर्षं, चाळीस वर्षं गप्प बसू शकतो म्हणे. चाळीस वर्षं मी ज्या घशाने गिऱ्हाइकांशी भांडलो, तिथेच बसून ऐकत होता. तिच्यात तरी लवकर —

काही नाही. इस्त्रीचा दिवा गेला का बघा.

अहो, हो, तिलाही. म्हटलं का मी? मग म्हटलं. घशाचा नाही, तिचा बायकांचा, गर्भपिशवीच्या तोंडाचा होता, पण व्हायरस तोच. तेव्हा आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं असेल तर मी ऐकलं नसेन. आता डॉक्टरांच्या खोलीत बसल्या बसल्या जुळलं. मुलाच्या डोक्यात आलं की नाही माहीत नाही. आलं असेल म्हणूनच पडदा बघत होता.

आता तुम्ही म्हणाल, दोघांना एकच, मग कुणाचा कुणाला. म्हणा की. मी रोज तेच म्हणतोय. तिचं माझ्याआधी एक लग्न झालेलं होतं. लपवण्यासारखं नाही त्यात काही. वर्षभराचा संसार, तो तापाने गेला, आणि मी तिच्याशी लग्न केलं. वडील बोलायचे बंद झाले. गल्लीत एकजण म्हणाला, लाँड्रीवाल्याने गिऱ्हाइकाचं कापड घरीच ठेवून घेतलं. त्याची कॉलर अशी धरली होती मी, बटणं उडाली. नंतर त्याचाच शर्ट आला बटणं लावायला, तिने लावून दिली. त्या पहिल्याचा एक फोटो होता तिच्याकडे. माझ्यासमोर फाडला. मी फाड म्हटलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही. आमच्या घरात त्याचं नाव कधी निघालं नाही. एकदाही नाही. आणि आता? इतक्या वर्षांनी तो माझ्या जिभेच्या बुडाशी? मी ज्याचं नाव घेतलं नाही, तो गिळतो मी प्रत्येक घासाबरोबर? शिसारी येते हो. आरशात तोंड उघडून बघतो आणि शिसारी येते.

म्हणून मी मुलाला सांगितलं, सोमवारी येणार नाही. सोमवारपासून किरणं द्यायची आहेत. तोंडाचा साचासुद्धा करून झाला — गरम जाळीचं प्लास्टिक, ओलं, असं दाबून बसवतात तोंडावर, वाफेचं फडकं दाबावं तसं. त्याने डोकं टेबलाला खिळवतात. डॉक्टर म्हणतात, हा प्रकार बरा होतो, पुष्कळदा होतो, तपासनीस मुळात शाबूत आहे, लाल दोरा लावणाऱ्याला बंद पाडलं की तो उभा राहतो. असेल. पण दुसऱ्याची घाण काढायला मी का खिळून घेऊ टेबलाला? मुलगा ओरडला. सून गप्प झाली. ती गप्प होते म्हणजे प्रकरण किती पुढे गेलंय बघा. आणि सोमवारी इस्पितळाचा गठ्ठा येतो, सोमवारी हे दुकान आजवर बंद नाही राहिलं. तिला नेलं त्या दिवशीही दुपारनंतर उघडलं होतं.

हसताय का? कळलं कशाला हसलात ते. हो, जन्मभर दुसऱ्याचीच घाण धुतली. पण ती कपड्यावरची. आतली नव्हे.

आणि समजा ही घाण त्या पहिल्याची नसेल — मी तेव्हा पंचविशीचा होतो, लग्न ठरलं नव्हतं, परगावी भट्टीवर कामाला, सहा माणसं एका खोलीत, आणि रविवारी संध्याकाळी ती सगळी जिकडे जायची तिकडे — तापली इस्त्री. सरका.

माझ्याकडून तिला गेला असेल तर? तो बिचारा तापाने मेलेला, आणि मी इथे बसून त्याच्या नावाने थुंकतोय? तुम्ही सांगा. तुम्ही काचेतून बघता, तुम्हाला दिसत असेल. तो कुणाचा, कुठून आला, आधी कुणात होता — काही खूण असते त्याच्यावर? असेल ना काहीतरी? मी ऐकायला तयार आहे. त्यासाठीच बसवलंय तुम्हाला, कॉलर तर सकाळीच झाली होती, आत्ता उगाच पुन्हा इस्त्री फिरवली. बोला.

नाही?

कशानेच नाही? तिचा तुकडा जपून ठेवला असता तरी? तरी नाही. कोणाचा कोणाला, कुणालाच सांगता येणार नाही. कधीच.

खूण नाही म्हणता.

बरं.

मळलंय, एवढंच खरं.

हा घ्या कोट. घडी करू नका, हातावर न्या, कॉलर अजून गरम आहे. पैसे राहू द्या. राहू द्या म्हटलं ना. आणि ऐका, तुमच्या तिथे कोण सोमवारी गठ्ठा पाठवतं त्यांना सांगा, मंगळवारी पाठवा. सोमवारी बंद आहे. का ते विचारायचं नाही. निघा आता, मला फडताळ उतरवायचंय.