फळी वळत नाही म्हणून

वस्तू बिघडली की आपण, हे कसं ओळखायचं, यावर आमच्या अण्णांचं ऐका. लावणीआधी चिखल सपाट करायला बैलांमागे फळी बांधायची आणि वर उभं राहून तोल सांभाळायचा. भिसेगावात या कामात माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा हात कुणी धरू शकत नसे.

एका साली त्यांनी कशेळ्याच्या सुताराकडून नवी फळी करून घेतली. सुतार स्वतःच घेऊन आला. पहिल्याच वळणावर अण्णा चिखलात आडवे.

"जड केलीस रं. वळत नाय."

सुतारानं बांधावर बसून कडा तासल्या. अण्णा पुन्हा आडवे.

"आता लई हलकी झाली!"

आईनं हातातली रोपं खाली ठेवली, पदर खोचला आणि बैलांचा कासरा धरून फळीवर चढली. आमच्याकडे बायका फळीवर उभ्या राहत नसत. सगळे बघत राहिले. ती पार टोकापर्यंत जाऊन, वळून, न डगमगता परत आली.

अण्णा सुताराला म्हणाले, "फळी चांगली हाय."

आई खाली उतरली नाही. तिथूनच म्हणाली, "आनि वळत नाय म्हणून गेल्या साली विकलेले बैल?"

 अण्णांनी कासरा तिच्याच हातात राहू दिला.