नानांनी पाहिलेला नकाशा

तू घराचं काम काढतोयस ना? मग आमच्या नानांचं ऐक.

पंच्याऐंशी सालच्या आसपास आम्ही मुलुंडच्या ब्लॉकची दुरुस्ती करायचं ठरवलं. नाना म्हणजे माझे वडील. काचबिंदूने त्यांची नजर नुकतीच पूर्ण गेली होती. ड्राफ्ट्समन सावंतने नकाशा पलंगावर पसरला आणि तो, मी, माझी बायको त्यावर ओणवे झालो. नाना बाजूला खुर्चीत बसून होते.

सावंतने विचारलं, "नाना, पसंत ना?"

"तुम्हाला दिसतंय ना? मग झालं."

ते रागाने बोलले नाहीत, पण मी नकाशावरून मागे सरलो. बायको उठली. नव्या भिंती येणार तिथे तिने ट्रंका, स्टुलं, गाद्या उभ्या केल्या आणि नानांचा हात धरला. "चला नाना, नवं घर बघू या."

नाना चाचपत सगळीकडे फिरले आणि बाथरूमच्या दारासाठी सोडलेल्या फटीपाशी थांबले.

"सावंत, हे दार कुठे उघडणार?"

"आत, नाना."

"मी आत दाराशीच पडलो, तर तुम्ही ते ढकलणार कसं?"

सावंतने खोडरबर काढला आणि दार बाहेरच्या बाजूला फिरवलं.

नाना खुशीत खुर्चीत येऊन बसले. "आता बोला, रंग कुठला देताय?"

बायको म्हणाली, "आकाशी देऊ या, नाना?"

"झकास! पण फिका नको गं. जरा उठून दिसला पाहिजे."