रद्दच्या रांगेतला बाण

(डोळ्यांच्या दवाखान्याचा नोंदणी काउंटर. दुपारची जेवणाची सुट्टी. खिडकी बंद, संगणक चालू.)

वहिनी: तुम्ही संगणकावर बनवलेल्या यादीच्या पानाला मी दोष देत नाही, भाऊजी. तीन आठवड्यांत अकरा पेशंटच्या वेळा रद्द झाल्या, आणि अकराही माझ्या नावावर. खुर्चीत मीच बसलेली. दुसरं कोण करणार?

भाऊजी: आणि त्यातली एकही तुम्हाला आठवत नाही?

वहिनी: नाही ना. हीच तर भीती आहे. काल एक आजोबा दोन तास प्रवास करून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले, आणि यादीत त्यांचं नावच नाही. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. सोमवारपासून मागे फायलींच्या खोलीत बसा, एवढंच म्हणाल्या. चौदा वर्षं ही खिडकी सांभाळली मी.

भाऊजी: मी बोलतो त्यांच्याशी.

वहिनी: काय बोलणार? माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं, शेवटी आम्ही. मी आता तिच्या तेव्हाच्याच वयाची आहे.

भाऊजी: उगाच काहीतरी मनात घेऊ नका. परवा सगळ्यांसमोर माझे शाळेतले मार्क काढलेत, तेव्हा बरं सगळं आठवत होतं. विषयवार.

वहिनी: जुनं आठवतंच हो. आईलाही आठवायचं.

भाऊजी: बरं, बसा इथे. मी नाहीच असं समजा आणि रोज सकाळी यादी बघता तशी बघा.

वहिनी: त्यात काय बघायचंय? हे पान उघडलं. नावावर बाण आला की नाव झाकलं जातं, म्हणून बाण उजवीकडे नेऊन ठेवायचा.

भाऊजी: ‘रद्द’च्या बटणांच्या रांगेत?

वहिनी: नुसता ठेवला तर काय होतंय? माउसच्या डाव्या बटणाला मी बोटसुद्धा लावत नाही. मधलं चाक दाबायचं, म्हणजे यादी आपोआप सरकत राहते. दीडशे नावं चाक फिरवून बघायची म्हणजे बोटाचा भुगा.

भाऊजी: थांबा. हात तसाच ठेवा. वर एकूण आकडा किती दिसतोय?

वहिनी: एकशे बेचाळीस.

भाऊजी: आता दाबा चाक.

वहिनी: दाबलं. एकशे एक्केचाळीस झाले. मी काही केलं नाही हं.

भाऊजी: तुम्ही नाही, मी केलंय. गर्दीत पटकन चालावं म्हणून बटण दाबताक्षणी काम होईल असं लिहिलं. दाबून सोडल्यावर काम होण्याची नेहमीची पद्धत ठेवली असती तर फक्त डावं बटण चाललं असतं. आता कुठलंही दाबा, डावं, उजवं की चाक, माझं पान ते विचारतच नाही. बाण नेमका ‘रद्द’वर असला की सरळ रद्द करून मोकळं होतं.

वहिनी: पण ‘नक्की रद्द करायचं का?’ असं विचारायचं ना ते?

भाऊजी: ती चौकट तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच काढायला लावलीत. ‘दर वेळी काय विचारता, मी काय कुक्कुलं बाळ आहे का,’ म्हणून.

वहिनी: म्हटलं होतं खरं.

भाऊजी: मीही मुकाट्याने काढली. आणि तपासलं फक्त डाव्या बटणाने. चाक दाबून यादी बघणारं माणूस असेल हे डोक्यातच आलं नाही, आणि ते आपल्याच घरात होतं. आधी आत्ता उडालेलं नाव परत घालूया. कसं शोधायचं ते बघतो.

वहिनी: शोधता कशाला? सुतारकाका. डावा डोळा, मंगळवारी साडेअकरा. मुलगी सोबत येणार आहे.

भाऊजी: ऐकलंत का स्वतःचं?

वहिनी: म्हणजे मी विसरत नव्हते?

भाऊजी: जे केलंच नाही ते आठवणार कुठून?

वहिनी: परत एकदा सांगा.

भाऊजी: तुम्ही काहीही विसरला नाहीत, वहिनी. चूक माझी होती. आता डॉक्टरबाईंना फोन लावतो. हे माझ्याच तोंडून कळायला हवं, मग माझं पुढचं काम गेलं तरी चालेल.

वहिनी: त्यांना जेवू द्या. आधी तुमच्या दादांना लावा.

भाऊजी: दादाला? त्याला यातलं काय कळणार?

वहिनी: गेले पंधरा दिवस आम्ही सकाळी घराबाहेर पडलो की ते जिन्यात थांबतात. चष्मा राहिला म्हणतात आणि आत जाऊन मी गॅस बंद केलाय का ते बघून येतात. चष्मा नाकावरच असतो. मीही काही बोलत नाही.

भाऊजी: लावतो. काय सांगू?

वहिनी: सांगा, उद्यापासून सरळ जिना उतरायचा.