दत्तानं काढलेला एकच सिनेमा

बसा, बसा सगळे. माइक जरा खाली घेतो. माझी उंची चेअरमन साहेबांएवढी नाही.

गावकऱ्यांनो, आयाबायांनो, संस्थेच्या सभासदांनो. मी भास्कर. आपल्या संस्थेच्या दूध संकलन केंद्रावर फॅट काढायचं, म्हणजे दूध किती कसदार ते मोजायचं काम केलं, आयुष्यभर तेवढंच केलं. मला भाषण येत नाही. दत्ताला जाऊन आज आठ दिवस झाले. तरी उभा राहिलो, कारण सुमनताईंनी सांगितलं. दत्ताची थोरली बहीण, त्या बघा पुढं बसल्यात. मघाशी भाषणं चालू असताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "भास्करा, हे कुणाबद्दल बोलायलेत रे? तू बोल."

तर बोलतो.

माझ्या आधी पाच जण बोलले. काय काय ऐकलं मी! दत्ता कलेचा पुजारी होता. दत्ता आजन्म ब्रह्मचारी राहिला. दत्तानं कॅमेऱ्याशी लगीन लावलं. आणि शेवटी चेअरमन साहेब रुमाल डोळ्याला लावून म्हणाले, "बिचारा एकटा जगला, एकटा गेला."

माझी सगळी हयात दुधातलं पाणी ओळखण्यात गेली. एवढं पाणी तर दुष्काळात टँकरलाही नव्हतं.

एकटा? दत्ताच्या फोटो स्टुडिओच्या मागं दोन खोल्या आहेत. एक चूल आहे. त्या चुलीवर एकोणीस वर्षं दोघांचं शिजलं. दत्ता भाकरी थापायचा, मी कालवण करायचो. हे तुम्हाला माहीत नव्हतं? सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नसल्याचं सोंग घ्यायला तुम्ही लई मेहनत घेतली. तेवढी मेहनत शेतात घेतली असती, तर आपलं गाव हिरवं झालं असतं.

दत्ताला सिनेमाचं वेड होतं, हे पाचही जणांनी सांगितलं. वेड कावून होतं, कशामुळं लागलं, हे कुणी सांगितलं नाही. मी सांगतो. आम्ही विशी-बाविशीत होतो. धर्मापुरीकडं जत्रेत तंबूतला सिनेमा लागायचा, आम्ही सायकलवर डबलसीट जायचो. एकदा त्या सिनेमात आमच्यासारखा एक माणूस आला. आमच्यासारखा म्हणजे कसला? कंबर हलवणारा, टाळ्या वाजवणारा, बायकी आवाज काढणारा. तो पडद्यावर आला की तंबू हसायचा. त्याच्या कानाखाली कुणी लावली की तंबू अजून हसायचा. मी पण हसलो. शेजारचा हसतो म्हणून हसलो. दत्ता हसला नाही.

परत येताना त्यानं चढावर सायकल थांबवली. मग म्हणला, "भास्कर, आपल्याला बघून हसायला लोक तिकीट काढतेत बे. आन् आपण बी तिकीट काढलं."

मी म्हणलं, "मग काय करावं?"

"आपला काढावा."

त्यासाठी तो कॅमेरा शिकला. लग्नं काढली, बारशी काढली, तुमच्या पोरांची जावळं काढली. पोटासाठी काढली. पण डोक्यात ती एकच गोष्ट.

मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, केंद्रावर दुधाचे कॅन रिकामे यायला लागले. संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. आठवतंय ना? हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा, कानाला बिल्ले, खायला उसाचं वाढं. बायका-लेकरं घरी आणि बाप्ये महिनोन्‌महिने जनावरांपाशी. चेअरमन साहेबांनी दत्ताला बोलावून सांगितलं, "छावणीची फिल्म काढ. आमचं कार्य दिसलं पाहिजे."

दत्तानं कार्य काढलं. साहेब गाईला चारा घालतात. साहेब त्याच गाईला दुसऱ्या बाजूनं चारा घालतात. साहेब टँकरपाशी उभे राहून आभाळाकडं बघतात. आणि साहेब जीपमध्ये बसून गेले की दत्ता त्याच छावणीत आपली गोष्ट काढायचा.

गोष्ट साधी होती. धारूरच्या डोंगरातला एक माणूस बैल घेऊन छावणीत येतो. सिरसाळ्याकडचा एक म्हैस घेऊन येतो. दोघांचं दावं शेजारी-शेजारी. आधी टँकरच्या पाण्यावरून भांडतात. मग एकाला ताप येतो, दुसरा दोघांच्याही जनावरांचं बघतो. मग एकमेकांची वाट बघायला लागतात. दुष्काळ सरतो, छावणी मोडते. आख्खी छावणी खुशीत घरी निघते आणि हे दोघंच खुंटा उपटत नाहीत. बसून राहतात. दुष्काळ संपल्याचं वाईट वाटलेली दोन माणसं. त्यात टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं, कंबर हलवणारं कुणी नव्हतं. शेणाच्या हातांची दोन शेतकरी माणसं होती.

डोंगरातल्याचं काम एका बँडवाल्यानं केलं. दुसऱ्याचं करायला कुणी तयार होईना, म्हणून मी केलं. लई वाईट केलं. दत्ता ओरडायचा, "भास्कर, त्याच्याकडं बघ की बे, म्हशीकडं कावून बघायलास?" मी काय सांगणार? कॅमेऱ्यामागं दत्ता उभा असला की मला दुसऱ्या कुणाकडं तसं बघता यायचं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. याच हॉलमध्ये, संस्थेच्या वार्षिक सभेत, आधी साहेबांचं कार्य दाखवलं. टाळ्या झाल्या. मग दत्तानं आपला सिनेमा लावला. पहिल्यांदा तुम्ही हसलात, कारण पडद्यावर आपल्याच गावचा म्हशीवाला. मग हळूहळू हसू थांबलं. पडद्यावर मी बँडवाल्याला विचारतो, "छावणी मोडल्यावर मी कुणासंगं बोलू?" तो म्हणतो, "म्हशीसंगं बोल." आणि माझ्या मनगटावर हात ठेवतो. मनगटावर! एवढंच. मुका नाही, मिठी नाही.

साहेब उठले. "बंद करा ही घाण!" दिवे लागले. ज्या हॉलमध्ये तमाशातल्या बाईवर नोटा उधळल्या जातात, त्या हॉलला मनगटावरचा हात घाण वाटला.

साहेबांनी मला पुढं बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, "तू यात काम कावून केलंस बे? तू पण तसलाच हायेस का?"

थांबा, आत्ता मंचावरून चिठ्ठी आली. "आवरतं घ्या." नाही साहेब, आवरत नाही. तुमची भाषणं मी मान खाली घालून ऐकली. आता तुम्ही ऐका. यात तुमच्यापेक्षा माझी लाज जास्त आहे.

कारण मी तेव्हा काय म्हणलो? मी म्हणलो, "साहेब, मला गोष्ट माहीत न्हवती. दत्तानं फसवलं." नोकरी जाईल म्हणून म्हणलो. दत्ता माझ्यापासून चार हातांवर उभा होता, हातात वायर गुंडाळत. त्यानं मान वर केली नाही. तुम्ही सगळे माझ्याकडं बघून मान डोलावलीत. शाबास म्हणलात मला. माझ्या आयुष्यात मला एवढी शाबासकी त्याच दिवशी मिळाली, आणि ती याच्यासाठी.

घरी गेलो. वाटलं, दार बंद असणार. दार उघडं होतं. दत्तानं ताट वाढलं आणि म्हणला, "तू नट न्हाईस म्हणून लई बोललो तुला. आज पहिल्यांदा काम चांगलं केलंस."

बस, एवढंच. परत कधी तो विषय काढला नाही त्यानं. तुमच्यातल्या कुणाकडं आहे एवढं काळीज? माझ्याकडं तर नाहीच.

पुढं तुम्ही त्याला लग्नाच्या सुपाऱ्या देणं बंद केलं. एकानं तोंडावर सांगितलं, "तुझी सावली नवरदेवावर नको." बरं, सावली नको होती ना? मग दुपारच्याला स्टुडिओत कोण यायचं? "पासपोर्ट फोटो काढायचाय," म्हणून यायचे, इकडंतिकडं बघायचे आणि हळूच म्हणायचे, "तो सिनेमा हाय का अजून?" दत्ता शटर अर्धं ओढायचा आणि कॉम्प्युटरवर लावून द्यायचा. त्यांतले काही इथं बसलेत. घाबरू नका, नावं घेणार नाही. दत्तानं कधी घेतली नाहीत. पण त्यांतल्याच दोघांनी मघाशी त्याला ब्रह्मचारी म्हणलं, तेव्हा मला थुंकावंसं वाटलं.

एक म्हातारा मात्र तोंड लपवून आला नाही. डोंगराकडून बसनं आला, पटका बांधलेला. पूर्ण बघितला. "पुन्यांदा लाव," म्हणला. पुन्हा बघितला. मग डोळे पुसून दत्ताला म्हणला, "लेकरा, मला वाटलं व्हतं, जगात मीच एकला असा." मनगटावरच्या हाताचा फोटो छापून मागितला आणि खिशात घालून गेला. दत्ता त्या दिवशी जेवला नाही, आनंदानं. मला म्हणला, "झालं भास्कर. सिनेमा चालला."

एका माणसासाठी सिनेमा चालला, म्हणणारा माणूस होता तो. आणि इथं बॅनरवर काय लिहिलंय? "लोकप्रिय फोटोग्राफर."

शेवटी त्याच्या किडन्या गेल्या. अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं. दोन महिने. तुमच्यातलं कोण आलं? सुमनताई आल्या, दर आठवड्याला, दोन बस बदलून. बाकी कुणी नाही. शोकसभेला मात्र हॉल भरला. मेलेल्या माणसाची तुम्हाला भीती वाटत नाही, एवढाच याचा अर्थ.

नर्सनं मला विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" आणि मी पुन्हा गप. तर दत्तानं नाकावरची नळी बाजूला केली आणि म्हणला, "बाई, घरधनी लिवा न्हाईतर काय बी लिवा, पर त्याला भाईर काढू नका." ती पोरगी हसली. मला आत राहू दिलं. शिकलेल्या, पुढारलेल्या, सहकारात मुरलेल्या या गावाला जे एकोणीस वर्षांत जमलं नाही, ते त्या पोरीला एका मिनिटात जमलं.

म्हणून आज, याच हॉलमध्ये, याच साहेबांसमोर सांगतो. मला गोष्ट माहीत होती. ती लिहिताना मी शेजारी बसलेलो होतो. दत्तानं मला फसवलं नाही, मी दत्ताला फसवलं. आणि हो साहेब, मी तसलाच हाय. तुम्ही तेव्हा विचारलं होतं, उत्तर द्यायला उशीर झाला.

परवा रविवारी, दुपारी चारला, तो सिनेमा स्टुडिओत लावणार आहे. शटर पूर्ण वर असेल. पासपोर्ट फोटोचं कारण सांगायची गरज नाही. ज्याला यायचं त्यानं पुढच्या दारानं यावं.

आता रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीला उभं राहायचं. ज्यांना तो ब्रह्मचारीच वाटतो, त्यांनी खुशाल बसून राहावं, मला राग येणार नाही. सुमनताई, तुम्ही उठू नका, तुमचे गुडघे दुखतात.

दत्तानं तुमची शेकड्यानं लग्नं काढली. प्रत्येक लग्नात तो लाजणाऱ्या नवरदेवाला म्हणायचा, "नाव घे की बे, त्याबिगर कॅमेरा बंद करत न्हाई." सगळ्यांना नाव घ्यायला लावलं त्यानं. आम्हाला कुणी कधी लावलं नाही. मला उखाणा येत नाही, यमक जुळत नाही. तरी चारचौघांत घेतो.

दत्तात्रय.

उभे राहा.