मागच्या भिंतीचा गिलावा

मुलगी: नाही मिस्त्री, माझं ठरलंय. मागच्या भिंतीलाही सिमेंटचाच गिलावा करा.

मिस्त्री: ताई, पुढच्या भिंतीचं काय झालंय ते ऐका आधी. (पुढच्या भिंतीवर थापीने ठोकतो.) पोकळ वाजतंय की नाही? आत मातीचा नुसता लगदा झालाय.

मुलगी: ते दादाचं काम. फोनवरूनच हुकूम सोडला, एकदाच काय ते करून टाक म्हणून.

मिस्त्री: मातीच्या भिंतीत ओल शिरायचीच. वरून मातीचा गिलावा असला की वाळून जाते. सिमेंटनं ती आतच कोंडते.

मुलगी: आणि मातीचा गिलावा दरवर्षी पावसात धुपला की लिंपायचं कोणी?

मिस्त्री: चुना घालू. दोन-तीन वर्षं बघायला नको.

मुलगी: पण नंतर आहेच ना! माती चाळा, भुसा घालून कुजवा, तुडवा. त्याच हातांनी आईला उठवा, भरवा, तिची कूस बदला. दादाचे सल्ले येतात, तो येत नाही. मी दमलेय हो.

मिस्त्री: दिसतंय ते.

आई: कोण आहे गं बाहेर?

मुलगी: मिस्त्री आलेत, आई. तू पडून राहा.

आई: पडूनच आहे. त्यांना म्हणावं, लावा सिमेंट.

मिस्त्री: आजी, पाच-सहा वर्षांत भिंत बसेल खाली.

आई: बसू दे. मला कुठे तेवढी लागतेय? माझ्यापुरती उभी राहिली म्हणजे झालं. मग ही सुटली.

मुलगी: काहीतरीच काय बोलतेस!

आई: दमलेय म्हणालीस ना आत्ता? कान शाबूत आहेत माझे.

मुलगी: दमलेच आहे. तुझा रागही येतो कधीकधी. म्हणून काय तू जायची वाट बघतेय मी?

आई: तसं नाही गं. पण मी गेले की तू मोकळी. कशाला या भिंतींत जीव अडकवतेस?

मिस्त्री: मी उद्या येतो, ताई. ठरवा सावकाश.

मुलगी: थांबा. चुना घालून मातीचाच करा. फक्त तुडवायला तुमची माणसं आणा, यंदा माझ्यानं होणार नाही.

आई: अगं, पण कोणासाठी?

मुलगी: माझ्यासाठी. मोकळी होऊन मी जाणार कुठे, आई? मला तरी दुसरं घर कुठे आहे?

आई: हे माझ्या ध्यानातच आलं नाही गं.