अखंड दिव्याला रेडिएटर की गरम झुळूक?

नवस मी दिव्याचा बोलले होते हो, पाइपांचा नाही! तुम्हाला सांगते, अकरा वर्षं झाली, स्टुटगार्टला भाड्याच्या घरात होतो, घरमालकीण एक तर उदबत्तीलासुद्धा नाक मुरडायची, वर रोज खिडक्या उघडल्या की नाही बघायला यायची, तेव्हा मी देवीपुढे पदर पसरला, म्हटलं, आई, स्वतःचं घर होऊ दे, पहिल्या नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा लावीन, क्षणभर विझू देणार नाही. आता अखंड दिवा म्हणजे तेल आलं, वात आली... त्यात घराचं हीटिंगही येतं, हे मला कुठे ठाऊक?

घर झालं. बाड हॉम्बुर्गच्या पलीकडे, चढावर, जुनं, पण आपलं. फेब्रुवारीत हीटिंगवाले हेर ब्रेंडल आले, तळघरात उतरले, मान हलवत वर आले. "आल्झो, फ्राऊ प्राबुडेझाई, बॉयलर म्हातारा झाला, उन्हाळ्यात सगळंच बदलू. नवे रेडिएटर, की भिंतीतून नळ्या टाकून गरम हवा? शुक्रवारपर्यंत कळवा."

आमचे हे, गुरुदत्त, मेकॅनिकलचे इंजिनिअर, त्यांना कोण आनंद! "गरम हवा! साधना, विचारच करायला नको. खोलीखोलीत जाळी, जाळीतून मंद झुळूक, भिंती मोकळ्या, कपाटं कुठेही लाव!" मंद झुळूक! झुळूक म्हटलं की मला ज्योत मान टाकताना दिसते. म्हटलं, "अहो, जाळी बरोबर देवीच्या शेजारी येतेय." तर म्हणतात, "काच लाव की दिव्याला." काच? म्हणजे कंदीलच झाला की तो! माझा काही हट्ट नव्हता हो, मी आपली दिव्यापुरतं म्हणत होते.

चार दिवस हेच. वरणभातात जाळी, चहात जाळी. यांनी कागदावर घर काढलं, हवेचे बाण काढले, खाली फायद्यांचे नऊ मुद्दे लिहिले, आणि कागद फ्रिजवर लावला. मीही पेन घेतलं, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक छानशी, भलीमोठी समई काढून ठेवली. माझा काही हट्ट नव्हता हो.

शेवटी गुरुवारी म्हटलं, आपण दोघंही कोकणातले, देवीलाच कौल लावू. आमच्या गावी देवळात गुरव लावतो, देवीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा, आधी पडेल तो कौल. इथे गुरव कुठला आणायचा? मीच लावला. जास्वंद कुठली? सुपरमार्केटातले ट्युलिप! उजवी पाकळी रेडिएटर, डावी गरम हवा. आणि सांगते काय, दहा मिनिटांत उजवी टपकन खाली! मी साखर ठेवली, नमस्कार केला...

तेवढ्यात आमची अन्वी, नऊ वर्षांची, मराठी सगळं कळतं पण तोंड उघडलं की जर्मन, खिडकीशी वाकून म्हणते, "ममा, दा कॉम्ट डोख वार्मे लुफ्ट!" गरम हवा येतेय म्हणे खालून. बघते तर काय, देवी खिडकीच्या फळीवर, तिच्या उजव्या अंगाखाली बरोबर जुना रेडिएटर, पाकळी सुकून पडलेली! "गेनाऊ! अगदी बरोबर!" हे उसळले, "पंच फितूर आहे!" लाज वाटली हो मला. देवीला विचारायचं आणि खाली शेगडी पेटवून ठेवायची? म्हटलं, पुन्हा लावू. मांडलेली देवी हलवायची नाही, रेडिएटरच बंद करू.

बाहेर बर्फ. आत आम्ही तिघं, कोट घालून, कानटोप्या घालून, देवीसमोर. अर्धा तास झाला, तास झाला, पाकळ्या ढिम्म! अन्वी पांघरुणात, फक्त नाक बाहेर. हे उठले, आणि रोज कामावरून आले की उभे राहतात ना, तसे सवयीने जाऊन रेडिएटरला पाठ टेकली... आणि टुणकन पुढे! गारठलेला लोखंडी डबा तो. मग फ्रिजवरचा तो कागद काढून हातात घेतला. म्हणाले, "साधना... जाळीला पाठ कशी टेकायची गं?"

पाकळ्या शेवटपर्यंत पडल्या नाहीत. पण कौल मिळाला.

उन्हाळ्यात पांढरेशुभ्र रेडिएटर बसले. नवरात्र आलं, घट बसले, दिवा लावला, ज्योत अशी सरळ, जणू काढून ठेवलेली! मी धन्य. आणि त्याच सकाळी हेर ब्रेंडल तपासणीला आले, सगळीकडे हात लावून बघितला, खूश झाले, आणि निघता निघता म्हणतात, "फक्त ल्युफ्टन विसरू नका! सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड, पाच मिनिटं, नाहीतर भिंतींना बुरशी. ती गरम हवेची यंत्रणा घेतली असतीत, तर खिडकी उघडायचीही गरज नव्हती."

ऐकलंत? अकरा वर्षं रोज खिडक्या उघडतेय मी, पण दिव्याशी कधी सांगडच घातली नाही! यांना म्हटलं, "अहो, तुम्ही तरी सांगायचं!" तर म्हणतात, "लिहिलं होतं की. नववा मुद्दा. त्याच्यावरच समई काढलीस तू."

मग काय, नऊ दिवस, रोज दोनदा, खिडक्या उघडल्या की आम्ही दिव्याभोवती कोंडाळं करून. मी परात धरून, अन्वी जर्मनमध्ये सेकंद मोजतेय, आणि हे वाऱ्याकडे पाठ करून... तीच पाठ! पण विझला नाही हो दिवा, एकदाही नाही.

तुमचंही घर होईल बघा, नक्की होईल. तुम्हीही असाच दिव्याचा नवस बोला. फक्त घर मागाल ना, तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून उभं राहणारं एखादं माणूसही त्यातच मागून घ्या... माझा काही हट्ट नाही हो, मी आपली दिव्यापुरतं म्हणतेय.